रेशीम शेडसाठी टांगता गॅस हीटर घेताय? आधी छत बघा, मग हीटर



गेल्या पंधरा दिवसांत ग्रुपवर आणि फोनवर एकच प्रश्न जास्त आला. "सर, थंडीत बॅच लांबतेय, अळी पाला खात नाही, कोंबड्यांच्या शेडमध्ये लावतात तसा वरून टांगायचा गॅस हीटर घेऊ का? किती मोठा घेऊ?" एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहितो. मेसेज मोठा आहे, पण हीटरला पैसे घालायच्या आधी शेवटपर्यंत वाचा. जमलं तर शेडमध्ये बसूनच वाचा, कारण मधे मधे तुम्हाला छताकडे आणि भिंतीकडे बघायला सांगणार आहे.

*थंडीत नेमकं काय होतं?*

तिसऱ्या अवस्थेतल्या अळीला साधारण २६ अंश, चौथीला २५ आणि पाचवीला २४ अंश तापमान मानवतं. आर्द्रता अनुक्रमे ८०, ७५ आणि ७० टक्क्यांच्या आसपास. तापमान २० च्या खाली गेलं की अळी सुस्तावते, खाणं कमी होतं, कात उशिरा पडते आणि सगळ्या अळ्या एका वेळी कातीवर बसत नाहीत. मग अर्ध्या खातायत, अर्ध्या झोपल्यात, असा घोळ होतो. पाचव्या अवस्थेत अळी आपल्या आयुष्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला खाते. तेव्हाच शेड गार पडलं तर पाला वाया जातो, मजुरी वाढते आणि कोष हलका येतो.

परभणीची थंडी आपल्याला नवी नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. दरवर्षी इतकं होत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत ८-१० अंशांच्या रात्री येतातच. दुपारी मात्र ऊन चांगलं असतं. म्हणजे आपली अडचण चोवीस तासांची नाही, रात्री आठ-नऊ ते सकाळी सात, एवढ्या दहा तासांची आहे. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब यावरच आहे.

*हीटर किती मोठा, हे छत ठरवतं*

दुकानदार विचारतो, "शेड केवढं?" तुम्ही सांगता, "पन्नास बाय वीस." तो लगेच एक हीटर पुढे करतो. पण नुसत्या मापावरून हीटर ठरत नाही. शेडमधून उष्णता किती वेगाने बाहेर पळते, त्यावर ठरतो. फुटक्या माठात पाणी भरायचं तर मोठी बादली आणून काय उपयोग? आधी भोक बुजवायचं.

एक उदाहरण घेऊ. शेड ५० × २० फूट, सरासरी उंची १० फूट, चारी बाजूंनी ९ इंची विटांची भिंत. बाहेर ८ अंश, आत २४ हवेत. म्हणजे १६ अंशांचा फरक राखायचा आहे.

पहिला प्रकार: वर नुसते पत्रे, पत्रा आणि भिंतीच्या मधे फटी, दाराखाली चार बोटं जागा.
– पत्र्यातून जाणारी उष्णता: साधारण १० किलोवॅट
– भिंतीतून: साडेचार किलोवॅट
– फटींतून जाणाऱ्या हवेबरोबर: ६ किलोवॅट
– एकूण: २० ते २१ किलोवॅट

दुसरा प्रकार: तेच शेड, पण पत्र्याखाली २ इंच जाडीच्या थर्माकोलचं सिलिंग, फटी बुजवलेल्या, हवा येण्या-जाण्याला मोजक्या खिडक्या.
– छतातून: १ किलोवॅट
– भिंतीतून: तेच साडेचार
– हवेबरोबर: सव्वादोन
– एकूण: ८ किलोवॅटच्या आत

आता हे गॅसमध्ये बघा. एक किलो एलपीजी जळला की जवळपास १३ किलोवॅट-तास उष्णता मिळते. पहिल्या शेडला तासाला दीड किलोच्या वर गॅस लागेल, दहा तासांच्या रात्रीला १६ किलो. म्हणजे १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर एका रात्रीत जवळपास संपला. दुसऱ्या शेडला तासाला ६०० ग्रॅम, रात्रीला ६ किलो. तोच सिलिंडर तीन रात्री जातो. आजचा सिलिंडरचा दर लावून बघा, आठ-दहा रात्रींत काय फरक पडतो ते कळेल. सिलिंगचा खर्च एकदाच, गॅसचा खर्च दर हिवाळ्याला.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं हेच: *छत आणि फटी झाल्याशिवाय हीटर घेऊ नका.* ज्यांच्या शेडला अर्धी भिंत आणि वर नुसती जाळी आहे, त्यांनी आधी जाळीवर आतून-बाहेरून जाड ताडपत्रीचे पडदे बसवावेत. वरून खाली सोडायचे आणि गुंडाळता येणारे, म्हणजे दुपारी उघडता येतात. पत्र्याखालचं हेच सिलिंग उन्हाळ्यातही कामाला येतं, हा वरचा फायदा.

*तुमच्या शेडसाठी सोपा हिशोब*

– ५० × २० चं, सिलिंग केलेलं शेड: एक अंश वाढवायला साधारण अर्धा किलोवॅट.
– ६० × २४ चं, सिलिंग केलेलं शेड: एक अंशाला साधारण ०.६५ किलोवॅट.

बाहेर ५ अंश आणि आत २४ हवे असतील तर फरक १९ अंशांचा. ५० × २० ला १९ × अर्धा = साडेनऊ, म्हणजे १० किलोवॅट पुरे. हा अंदाज विटांच्या भिंतीचा आहे. भिंत पत्र्याची असेल तर तिलाही आतून थर लावावा लागेल, नाहीतर हिशोब चुकेल.

हीटरवर कुठे किलोवॅट लिहिलेलं असतं, कुठे किलोकॅलरी, कुठे बीटीयू. गोंधळू नका. १ किलोवॅट = ८६० किलोकॅलरी प्रति तास = ३४०० बीटीयू प्रति तास. म्हणजे १० किलोवॅट म्हणजे ८६०० किलोकॅलरी किंवा ३४ हजार बीटीयू. दुकानदाराने एक लाख बीटीयूचा दाखवला तर तो तुमच्या गरजेच्या तिप्पट आहे हे ओळखा.

"मोठा घेतला तर बिघडलं काय?" बिघडतं. मोठा हीटर दहा मिनिटांत शेड तापवतो, बंद होतो, शेड गार पडतं, पुन्हा पेटतो. अळीला हा चढउतार चालत नाही. त्यापेक्षा १० किलोवॅटचा एक घेण्याऐवजी ५-५ चे दोन घ्या. उष्णता दोन ठिकाणी वाटली जाते, कमी थंडीत एकावर भागतं आणि एक बिघडला तर रात्र निभावते.

*कोणत्या प्रकारचा?*

१) छत्रीचा किंवा लाल जाळीचा हीटर (ब्रूडर). कोंबडीच्या पिलांसाठी असतो तो. वीज लागत नाही, स्वस्त असतो. पण तो खाली दिसेल त्याला तापवतो, हवेला नंतर. पिल्लं जमिनीवर असतात, त्यांना ते बरोबर जमतं. आपल्या अळ्या रॅकवर तीन-चार मजल्यांत असतात. वरच्या मजल्यावरचा पाला वाळतो आणि खालचा मजला गारच राहतो. घ्यायचाच असेल तर रॅकच्या डोक्यावर टांगू नका, मधल्या मोकळ्या वाटेवर टांगा.

२) पंख्याचा हीटर, धुराड्याशिवाय. ज्योत आतच जळते आणि पंखा गरम हवा फेकतो. शेड लवकर तापतं, पण जळलेल्या गॅसचं सगळं शेडमध्येच राहतं. याचे तोटे खाली सांगतो.

३) पंख्याचा हीटर, धुराड्यासह. ज्योत बंद डब्यात जळते, धूर नळीतून बाहेर जातो, आत फक्त कोरडी गरम हवा येते. महाग असतो, पंख्याला वीज लागते, आणि पाचातला एक भाग उष्णता धुराड्यातून जाते. म्हणजे ६ किलोच्या जागी साडेसात किलो गॅस धरा. तरीही रेशीम शेडला हाच सर्वात बरा. रात्री लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर जोडा, पंख्याला फार वीज लागत नाही.

*धुराडं नसेल तर पाणी कुठून येतं ते बघा*

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. गॅस जळला की पाण्याची वाफ तयार होते. एक किलो गॅसमागे साधारण दीड लिटर पाणी. रात्री ६ किलो गॅस जाळला तर नऊ-दहा लिटर पाणी शेडच्या हवेत सोडलं. त्यात तुतीच्या ओल्या पाल्याची वाफ वेगळी. शेड गच्च बंद असेल तर पहाटे हीच वाफ गार भिंतीवर आणि पत्र्यावर जमते आणि थेंब रॅकवर पडतात.

हिवाळ्यात मस्करडाईन का येतो, याचं उत्तर इथेच आहे. ही बुरशी आहे, तिला गारवा आणि दमटपणा आवडतो. अळी मरते, कडक होते, वर पांढरी भुकटी येते. शेतकरी म्हणतो, "सर, हीटर लावला तरी रोग आला." हीटर लावला म्हणून नाही, हवा कोंडली म्हणून आला. कातीच्या वेळी तर शेड कोरडं आणि हवेशीर हवं. चुना मारून वरून दमट हवा कोंडली तर चुन्याचा उपयोग निम्मा होतो.

*आणि आता सर्वात महत्त्वाचं: माणसाचा जीव*

मागच्या थंडीत एका सभासदाच्या शेडवर पहाटे साडेपाचला गेलो होतो. गाव सांगत नाही. चारी बाजूंनी प्लास्टिक गच्च बांधलेलं, आत कोळशाच्या दोन शेगड्या. रात्रपाळीचा मजूर कोपऱ्यात घोंगडी घेऊन झोपलेला. हाक मारली तर उठेना. हलवून उठवलं, बाहेर आणलं. डोकं ठणकतंय म्हणाला आणि ओकला. वाऱ्यावर बसवून जिंतूरला दवाखान्यात नेला, वाचला. मालक म्हणाला, "धूर तर काहीच नव्हता." बरोबर आहे, नव्हता. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. माणूस झोपेतच जातो.

गॅस हीटर कोळशापेक्षा स्वच्छ जळतो, हे खरं. पण हवा कमी पडली किंवा बर्नरमध्ये धूळ, चुना, जाळं अडकलं की तोही हाच वायू सोडतो. आपल्या शेडमध्ये चुन्याची धूळ कायम असते. म्हणून:

– *पेटत्या हीटरच्या शेडमध्ये कुणीही झोपायचं नाही.* मालक नाही, मजूर नाही, पोरं तर नाहीतच. झोपायची जागा बाहेर, वेगळी.
– ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, काजळी धरली तर लगेच बंद करा आणि बर्नर साफ करून घ्या. लाल जाळीच्या हीटरची जाळी एकसारखी लाल दिसायला हवी, काळे डाग नकोत.
– डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले तर "थंडी बाधली" म्हणून बसू नका. बाहेर या, दार उघडा, १०८ ला फोन लावा.
– कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म मिळतो, बॅटरीवर चालतो. हीटर घेताना तोही घ्याच.

*हवा किती उघडी ठेवायची?*

१० किलोवॅटपर्यंतच्या हीटरला, ५० × २० च्या शेडमध्ये, एका टोकाला जमिनीलगत १ × १ फुटाची खिडकी आणि दुसऱ्या टोकाला वर सिलिंगजवळ तेवढीच. गार हवा खालून येते, गरम-दमट वरून जाते. या दोन्ही रात्रीही बंद करायच्या नाहीत. उझी माशीची जाळी मात्र हवीच, आणि ती महिन्यातून एकदा झाडून घ्या, धुळीने बुजते. "मग उष्णता जाईल की!" जाईल, पण वरच्या ८ किलोवॅटच्या हिशोबात ती धरलेलीच आहे. शिवाय सकाळचा पाला टाकायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दार उघडा. दुपारी ऊन असताना हीटर बंद, पडदे वर.

*बसवताना*

१) सिलिंडर शेडच्या बाहेर, उभा, सावलीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडर खालच्या खिडकीच्या बाजूला ठेवू नका, विरुद्ध बाजूला ठेवा.

२) घरगुती लाल सिलिंडर शेडला लावायचा नाही. तो नियमात बसत नाही, आणि काही झालं तर विम्याचंही अवघड होतं. १९ किलोचा कमर्शियलच घ्या.

३) थंडीत एका सिलिंडरमधून गॅस हळू निघतो. तासाला अर्ध्या किलोच्या वर ओढला की सिलिंडरला बाहेरून दव धरतं, दाब पडतो, ज्योत बारीक होते. तेव्हा दोन सिलिंडर जोडून घ्या. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं, खाली शेगडी ठेवणं, असले उद्योग अजिबात करू नका.

४) हीटर साखळीने टांगा, लोखंडी अँगलला. दोरी नको, आणि गॅसच्या नळीवर वजन तर मुळीच नको. थर्माकोल, प्लास्टिक, चंद्रिका, सुका पाला यांच्यापासून किती अंतर ठेवायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं, ते पाळा. पुस्तिका नसेल तर तो हीटर घेऊ नका. थर्माकोल झटकन पेट घेतो आणि वितळून जळते थेंब खाली पडतात. हीटरच्या वरच्या भागात सिलिंगला खालून पत्रा मारून घ्या, पत्रा आणि थर्माकोलमध्ये चार बोटं पोकळी ठेवा.

५) ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारा झडप असलेलाच हीटर घ्या. दुकानात पेटवून, विझवून बघा. मिनिटभरात 'टक्' आवाज येऊन गॅस बंद व्हायला हवा.

६) थर्मोस्टॅट हवाच. त्याचा सेन्सर मधल्या रॅकच्या उंचीवर लावा, हीटरसमोर नको.

७) रेग्युलेटर हीटरला लागतो त्याच दाबाचा, नळी आयएसआय शिक्क्याची. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडा आला तर गळतंय. काडी लावून तपासायचं नाही. गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोबाईलमध्ये सेव्ह करा.

८) फॉर्मॅलिनने निर्जंतुकीकरण चालू असताना हीटर पेटवू नका. शेड उघडून, वास पूर्ण गेल्यावरच पेटवा.

*विकत घ्यायच्या आधी तीन रात्रीचं काम*

एक कमाल-किमान तापमापक आणि दोन साधे तापमापक घ्या. एक वरच्या रॅकवर, एक खालच्या रॅकवर, एक दारापासून लांबच्या कोपऱ्यात. तीन रात्री रिकाम्या शेडमध्ये रात्री दहा, दोन आणि पहाटे सहाला वाचून वहीत लिहा. त्यातून तीन गोष्टी कळतील: शेड किती गार पडतं, कुठे जास्त गार पडतं आणि खरंच हीटर लागतोय का. काही जणांचं काम नुसत्या सिलिंग-पडद्यावरच होईल. पहाटे आत २० च्या वर राहत असेल तर घाई करू नका.

काही जण विचारतात, विजेचा हीटर का नको? चालतो, धूर नाही, ओल नाही. पण ८-१० किलोवॅट शेडच्या साध्या कनेक्शनवर ओढता येत नाही आणि रात्रीच्या लाईटचा भरवसा नाही. छोट्या चॉकी खोलीला मात्र विजेचाच बरा. तिथे जागा कमी आणि ओल आपण वेगळी देतोच.

*थोडक्यात लक्षात ठेवा*

– आधी छत आणि फटी, मग हीटर.
– सिलिंग केलेल्या ५० × २० ला ८ ते १० किलोवॅट, तेही दोन हीटरमध्ये.
– जमलं तर धुराड्याचा. धुराडं नसेल तर वर-खाली खिडकी रात्रभर उघडी.
– सिलिंडर बाहेर, अलार्म आत, माणूस झोपायला बाहेर.

शेडची लांबी, रुंदी, उंची, भिंत कशाची, छत कशाचं आणि तीन रात्रीचे आकडे एवढं याच नंबरवर पाठवा, छताचा आणि फटींचा एक फोटो जोडा. हिशोब करून दोन दिवसांत सांगतो. ज्यांना हीटर घ्यायचाच आहे त्यांनी थांबून एकत्र सांगा, दहा-बारा जण झाले तर कंपनीमार्फत एकदम भाव काढू आणि बसवायला जाणकार माणूस आणू.

आणि एक विनंती. हा मेसेज तुमच्या शेडवर रात्री थांबणाऱ्या माणसालाही वाचून दाखवा. त्याच्याकडे स्मार्टफोन नसेल, पण रात्री शेडमध्ये तोच असतो.

तुमचा,
कृषी सल्लागार